जुने कॉन्फिगरेशन, नवे कर्नेल

लिनक्सचे कर्नेल मूळ सोर्स कोडपासून स्वतः कंपाइल करायचे ठरवले, की कंपायलरला हात लावण्याआधीच निवडींचा डोंगर समोर येतो. प्रोसेसर कोणत्या प्रकारचा, हार्ड डिस्क कोणत्या कंट्रोलरला जोडलेली, कोणत्या फाइल सिस्टिम वाचता आल्या पाहिजेत, कोणते नेटवर्क कार्ड, कोणते साउंड कार्ड, सुरक्षेच्या कोणत्या सोयी चालू आणि कोणत्या बंद. आजच्या लिनक्समध्ये अशा पर्यायांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे. त्या सर्वांची उत्तरे शून्यापासून देणे अनुभवी माणसालाही झेपणारे नाही, आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते. त्या संगणकावर आधीच एखादे कर्नेल नीट चालत असते, आणि ते घडवताना दिलेली उत्तरे जपून ठेवलेली असतात. तीच नव्या कर्नेलसाठी वापरणे हा कर्नेल कंपाइल करण्याचा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र त्या वाटेवर काही खड्डे आहेत, आणि त्यांतले बरेचसे वरून दिसत नाहीत.

ही उत्तरे ‘.कॉन्फिग’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत असतात. नावाच्या सुरुवातीला टिंब असल्यामुळे ती फाइलींच्या नेहमीच्या यादीत दिसत नाही. आत हजारो ओळी असतात आणि प्रत्येक पर्यायाला एक नाव असते; उदाहरणार्थ ‘कॉन्फिग_ईएक्सटी४_एफएस’. त्याच्यापुढे ‘वाय’ असेल तर ती सोय कर्नेलच्या मुख्य फाइलीतच बसवली जाते. ‘एम’ असेल तर तिचे वेगळे मॉड्यूल तयार होते आणि गरज पडेल तेव्हा ते मेमरीत आणले जाते. काही पर्यायांना आकडा किंवा मजकूर द्यावा लागतो. सोय नको असेल तर तिच्या नावाआधी हॅशचे चिन्ह आणि नावापुढे ‘इज नॉट सेट’ असे शब्द येतात. अनेक स्क्रिप्टिंग भाषांत हॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे निव्वळ टिपण, यंत्राने दुर्लक्ष करावे असे. इथे तसे नाही. ती ओळ म्हणजे विचारपूर्वक दिलेला नकार असतो. एखाद्या पर्यायाचा फाइलीत उल्लेखच नसेल, तर तो प्रश्न अजून विचारलाच गेलेला नाही असा अर्थ होतो. फाइल नीटनेटकी करायची म्हणून कोणी या हॅशच्या ओळी काढून टाकल्या, तर शेकडो नकार पुसले जातात आणि ते सगळे प्रश्न पुन्हा उघडे पडतात.

प्रश्न कोणते, त्यांचे एकमेकांशी नाते काय आणि न सांगता कोणते उत्तर धरायचे, हे सोर्स कोडमध्ये जागोजागी असलेल्या ‘केकॉन्फिग’ नावाच्या फाइलींत लिहिलेले असते. ही व्यवस्था रोमन झिपेल यांनी तयार केली आणि ऑक्टोबर २००२ मध्ये २.५.४५ या आवृत्तीपासून ती लिनक्समध्ये आली. त्याआधीची व्यवस्था शेल स्क्रिप्टच्या धाटणीची होती आणि पर्याय वाढत गेले तशी ती अपुरी पडू लागली होती. एरिक रेमंड यांनी पायथनमध्ये लिहिलेली ‘सीएमएल२’ ही दुसरी व्यवस्थाही पुढे आली होती. पण ती स्वीकारली गेली नाही. केकॉन्फिगमध्ये एक पर्याय दुसऱ्यावर अवलंबून असू शकतो आणि एक पर्याय दुसऱ्याला आपोआप चालूही करू शकतो. त्यामुळे .कॉन्फिग फाइलीतली ओळ हा अंतिम शब्द नसतो. नव्या सोर्स कोडमधल्या नियमांशी ती जुळली तरच टिकते.

चालू कर्नेलचे कॉन्फिगरेशन शोधणे सहसा सोपे असते. डेबियन, उबुंटू आणि फेडोरा या वितरणांत ते ‘बूट’ डिरेक्टरीत ‘कॉन्फिग’ या शब्दापुढे आवृत्तीचा क्रमांक जोडलेल्या फाइलीत मिळते. आर्च लिनक्ससारख्या काही वितरणांत ते चालू कर्नेलच्या पोटातच असते आणि ‘प्रॉक’ डिरेक्टरीतल्या ‘कॉन्फिग.जीझेड’ या संकुचित फाइलीतून वाचता येते. त्यासाठी ते कर्नेल घडवताना ‘आयकेकॉन्फिग’ हा पर्याय चालू केलेला असावा लागतो. तो चालू असेल, तर बंद पडलेल्या संगणकाच्या डिस्कवर पडून असलेल्या कर्नेलमधूनही सोर्ससोबत येणाऱ्या ‘एक्स्ट्रॅक्ट-आयकेकॉन्फिग’ या स्क्रिप्टने कॉन्फिगरेशन बाहेर काढता येते. एवढी मोलाची माहिती थोडक्या किलोबाइटांत जपता येते. म्हणून स्वतःचे कर्नेल घडवणाऱ्याने हा पर्याय चालूच ठेवावा.

ही फाइल नव्या सोर्स कोडच्या मुख्य डिरेक्टरीत ‘.कॉन्फिग’ या नावाने ठेवली, की ‘मेक ओल्डकॉन्फिग’ ही आज्ञा द्यायची. मग जुन्या उत्तरपत्रिकेला नवी प्रश्नपत्रिका लावली जाते. जे प्रश्न दोन्हीकडे आहेत, त्यांची उत्तरे जशीच्या तशी घेतली जातात. जे प्रश्न नव्या कर्नेलमध्ये उरलेच नाहीत, त्यांची उत्तरे गळून पडतात. जे पहिल्यांदाच आले आहेत, ते एकेक करून पडद्यावर विचारले जातात आणि प्रत्येकापुढे ‘न्यू’ अशी खूण असते. प्रश्नचिन्ह टाइप केले तर त्या पर्यायाची माहिती मिळते. नुसते एंटर दाबले तर सुचवलेले उत्तर स्वीकारले जाते.

लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. एका आवृत्तीवरून लगेच पुढच्या आवृत्तीवर जाताना नवे प्रश्न आवाक्यात असतात. चार-पाच वर्षांची उडी मारली, तर मात्र ते शेकडोंनी येतात. तेव्हा ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ ही आज्ञा हाताशी असते: ती काहीही न विचारता प्रत्येक नव्या प्रश्नाला सुचवलेले उत्तर देऊन मोकळी होते. आपोआप कर्नेल बांधणाऱ्या यंत्रणांना तिच्याशिवाय गत्यंतर नाही. स्वतःच्या संगणकासाठी कर्नेल घडवणाऱ्याने आधी ‘मेक लिस्टन्यूकॉन्फिग’ देऊन नव्या पर्यायांची यादी तरी वाचून घ्यावी. अर्ध्या तासाचे हे वाचन नंतरचा बराच मनस्ताप वाचवते.

सुचवलेले उत्तर बहुधा ‘नको’ असे असते, आणि हे जाणूनबुजून ठरवलेले धोरण आहे. ओल्डकॉन्फिग चालवल्यावर एका आवृत्तीतून दुसरीत जाताना कमीत कमी भर पडावी, असे केकॉन्फिगच्या अधिकृत मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिले आहे. आपल्या नव्या ड्रायव्हरला ‘डीफॉल्ट वाय’ लावणाऱ्या विकासकांना लिनस टोरव्हाल्ड्स यांनी वेळोवेळी फटकारले आहे. जगातल्या बहुसंख्य संगणकांत जे यंत्र नाही, त्याचा ड्रायव्हर सर्वांच्या कर्नेलमध्ये आपोआप का शिरावा, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. नियमाला अपवाद आहेत, आणि तेही जुन्या कॉन्फिगरेशनच्या रक्षणासाठीच. एखादी सोय आजवर नेहमीच कर्नेलमध्ये असे आणि आता तिला पर्यायाचे रूप दिले, तर तिचे सुचवलेले उत्तर ‘हवे’ ठेवायचे. दुसऱ्या पर्यायांना फक्त गटात बांधणारा नवा दरवाजा बसवला, तर तोही उघडाच ठेवायचा. २०११ साली इथरनेट कार्डांचे ड्रायव्हर कंपन्यांच्या नावांखाली गटवार लावले गेले, तेव्हा प्रत्येक कंपनीच्या गटाला ‘वाय’ हे उत्तर सुचवले गेले. तसे केले नसते, तर जुने कॉन्फिगरेशन घेऊन पुढे जाणाऱ्यांचे नेटवर्क कार्ड मुकाट्याने गायब झाले असते, कारण दरवाजा बंद झाला की आतले पर्यायही बंद होतात.

खरी अडचण येते ती पर्यायांची नावे किंवा अर्थ बदलतात तेव्हा. जुन्या आयडीई हार्ड डिस्कांचे ड्रायव्हर अनेक वर्षे कर्नेलमध्ये एका स्वतंत्र विभागात होते. पुढे तेच काम ‘लिबएटीए’ हा नवा विभाग करू लागला आणि २०२१ साली ५.१४ या आवृत्तीत जुना विभाग काढून टाकण्यात आला. ज्या कॉन्फिगरेशनमध्ये फक्त जुना ड्रायव्हर निवडलेला होता, त्याच्यापुरते पाहिले तर एक ओळ गळून पडली एवढेच झाले. नव्या ड्रायव्हरची निवड कोणीच केली नव्हती. असे कर्नेल बिनतक्रार कंपाइल होते. संगणक सुरू करताना मात्र मूळ फाइल सिस्टिम सापडत नाही, ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ असा संदेश येतो आणि सगळे जागच्या जागी थांबते. नवा ड्रायव्हर निवडला तरी आणखी एक गोष्ट उरतेच: जुन्या विभागात ‘एचडीए’ म्हणून ओळखली जाणारी डिस्क नव्या विभागात ‘एसडीए’ होते. डिस्कच्या नावाऐवजी फाइल सिस्टिमचा यूयूआयडी हा ओळखक्रमांक वापरण्याची पद्धत रुळली, तिच्यामुळे हा त्रास बराच कमी झाला.

ईएक्सटी३ या फाइल सिस्टिमच्या बाबतीत विकासकांनी जास्त काळजी घेतली. २०१५ साली ४.३ या आवृत्तीत तिचा स्वतंत्र ड्रायव्हर काढला गेला, कारण ईएक्सटी४ चा ड्रायव्हर ईएक्सटी३ ची डिस्कही वाचू-लिहू शकतो. तरीही ईएक्सटी३ च्या पर्यायाचे नाव पुढे अनेक वर्षे ठेवले गेले. त्याचे काम एकच होते: ज्याच्या जुन्या फाइलीत ते नाव असेल, त्याच्या कर्नेलमध्ये ईएक्सटी४ आपोआप चालू करणे. नाव बदलताना जुन्या नावापासून नव्यापर्यंत असा पूल बांधणे ही चांगल्या देखभालीची खूण आहे. २०२५ साली तर अशा पुलांसाठी केकॉन्फिगच्या भाषेतच ‘ट्रान्झिशनल’ हा वेगळा शब्द आला. या खुणेचा जुना पर्याय वापरकर्त्याला दिसत नाही, पण जुन्या फाइलीतले त्याचे उत्तर वाचून नव्या नावाकडे पोहोचवले जाते.

सर्वांत बोधप्रद प्रसंग २०१८ सालचा आहे. स्टॅक प्रोटेक्टर ही कंपायलरची सुरक्षा सोय आहे. बफर ओव्हरफ्लोच्या हल्ल्यात फंक्शनचा बदललेला परतीचा पत्ता वापरला जाण्याआधी ती धोका ओळखते. कर्नेलमध्ये तिचे साधे आणि ‘स्ट्राँग’ असे दोन प्रकार आहेत. ४.१६ या आवृत्तीत ‘ऑटो’ असा पर्याय आला: कंपायलरला जमेल तो सर्वांत मजबूत प्रकार आपोआप घ्यायचा. ज्यांनी ऑटो निवडले, त्यांच्या .कॉन्फिग फाइलीत साहजिकच ‘स्ट्राँग’च्या नावापुढे ‘इज नॉट सेट’ लिहिले गेले. पुढे ४.१८ च्या तयारीत ऑटो काढून टाकण्यात आला आणि मजबूत प्रकार हेच सुचवलेले उत्तर ठरले. पण ओल्डकॉन्फिगने जुन्या फाइलीतला ‘नॉट सेट’ हा शब्द प्रामाणिकपणे पाळला असता आणि मजबूत प्रकाराबद्दल काहीच न विचारता संरक्षण दुबळे झाले असते. ज्याने सर्वांत मजबूत संरक्षण मागितले होते, त्याच्याच वाट्याला कमी संरक्षण आले असते. टोरव्हाल्ड्स यांनी त्यावर साधा उपाय केला: या पर्यायांची नावेच बदलली. नाव नवे म्हणजे प्रश्न नवा, त्यामुळे जुन्या नकाराचा त्याच्याशी संबंध उरला नाही.

अवलंबित्वाचाही असाच एक फटका असतो. एखादा मुख्य पर्याय बंद केला, की त्याच्यावर अवलंबून असलेल्या सर्व पर्यायांच्या ओळी फाइल पुन्हा लिहिताना नाहीशा होतात. नंतर तो मुख्य पर्याय परत चालू केला, तरी जुनी उत्तरे परत येत नाहीत. ते प्रश्न नव्याने उभे राहतात. केकॉन्फिग आधीच्या फाइलीची प्रत ‘.कॉन्फिग.ओल्ड’ या नावाने ठेवते, पण ती फक्त एक पायरी मागची असते. म्हणून मूळ फाइलीची प्रत सोर्स कोडच्या बाहेर, वेगळ्या नावाने जपावी.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे नव्या कर्नेलचे कॉन्फिगरेशन जुन्याला लावणे, अधिक धोक्याचा आहे. नव्या कर्नेलमधली जी नावे जुन्याला ठाऊक नाहीत, ती चुपचाप सोडून दिली जातात. आणि जुन्या नावांनी विचारलेल्या त्याच प्रश्नांना सुचवलेले उत्तर लागू होते. ट्रान्झिशनल खुणेसारखे पूल फक्त पुढच्या दिशेने बांधलेले असतात. अलीकडच्या आवृत्त्यांत ‘केकॉन्फिग_वॉर्न_अननोन_सिम्बॉल्स’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल चालू केला, तर अनोळखी नावांबद्दल इशारा मिळतो; जुन्या कर्नेलच्या सोर्समध्ये ती सोय नसते.

वितरणाचे कॉन्फिगरेशन घेऊन टोरव्हाल्ड्स यांच्या मूळ सोर्सवर वापरताना आणखी काही गोष्टी आड येतात. उबुंटूच्या कॉन्फिगरेशनमध्ये विश्वासार्ह प्रमाणपत्रांच्या पर्यायापुढे ‘डेबियन/कॅनॉनिकल-सर्ट्‌स.पेम’ असा पत्ता असतो. ती फाइल उबुंटूच्या स्वतःच्या सोर्समध्ये असते, मूळ सोर्समध्ये नसते. परिणामी ती फाइल तयार करण्याचा नियम सापडत नाही असे सांगून बांधणी थांबते. ‘सिस्टम_ट्रस्टेड_कीज’ आणि रद्द केलेल्या प्रमाणपत्रांसाठीचा ‘सिस्टम_रिव्होकेशन_कीज’ या दोन पर्यायांचा मजकूर रिकामा केला की हा अडथळा दूर होतो. वितरणे डीबग माहितीही चालू ठेवतात. तिच्यामुळे बांधणीला लागणारी डिस्कवरची जागा कितीतरी पटींनी वाढते, आणि ‘बीटीएफ’ ही सोय निवडलेली असेल तर ‘पाहोल’ हे साधन संगणकावर असावे लागते.

वितरणाचे कर्नेल कोणत्याही संगणकावर चालावे अशा बेताने बनवलेले असते, त्यामुळे त्यात हजारो मॉड्यूल असतात. डिस्क आणि फाइल सिस्टिमचे ड्रायव्हरही पुष्कळदा मॉड्यूलच असतात आणि ते इनिट्रॅमएफएस नावाच्या छोट्या तात्पुरत्या फाइल सिस्टिममधून सुरुवातीलाच पुरवले जातात. तेच कॉन्फिगरेशन वापरून कर्नेल बांधले आणि इनिट्रॅमएफएस बनवायचे राहिले, तर डिस्क वाचण्याचे मॉड्यूल डिस्कवरच अडकून पडते आणि आधी सांगितलेला तोच संदेश पडद्यावर येतो. तेव्हा एक तर इनिट्रॅमएफएस बनवावे, नाही तर मूळ डिस्कसाठी लागणारे ड्रायव्हर ‘एम’वरून ‘वाय’वर आणावेत.

हजारो नको असलेली मॉड्यूल बांधण्यात वेळ जातो, त्यावर स्टीव्हन रोस्टेट यांचा उपाय आहे. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही त्यांची आज्ञा २००९ च्या अखेरीस २.६.३२ या आवृत्तीसोबत आली. त्या क्षणी संगणकात कोणती मॉड्यूल चालू आहेत ते ती पाहते आणि बाकीची सर्व बंद करते. बांधणीचा वेळ यामुळे लक्षणीय घटतो. मात्र तिला दिसते ते त्या क्षणापुरतेच. तेव्हा न जोडलेला प्रिंटर, कपाटात ठेवलेला यूएसबी कॅमेरा, क्वचित वापरात येणारी व्हीपीएन किंवा पेन ड्राइव्हवरची वेगळी फाइल सिस्टिम यांचे ड्रायव्हर त्यात गळतात. आज्ञा देण्याआधी ही उपकरणे एकदा जोडून घेणे एवढीच त्यासाठीची खबरदारी आहे.

कंपायलर बदलला तरी कॉन्फिगरेशन बदलते, ही बाब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ४.१८ पासून केकॉन्फिग स्वतः कंपायलरला विचारते की अमुक सोय तुला येते का. नवे कर्नेल जुन्या जीसीसीने किंवा क्लँगने बांधले, तर त्यांना न येणाऱ्या सोयींवर अवलंबून असलेले पर्याय यादीतच दिसत नाहीत आणि त्यांची उत्तरे गळतात. एका संगणकावर ओल्डकॉन्फिग चालवून दुसऱ्यावर बांधणी केली, की हा फरक हटकून समोर येतो.

या सर्वांवरची खरी तपासणी म्हणजे दोन फाइलींची तुलना. सोर्ससोबत येणारे ‘डिफकॉन्फिग’ हे स्क्रिप्ट जुन्या आणि नव्या कॉन्फिगरेशनमध्ये कोणते पर्याय गेले, कोणते आले आणि कोणाची उत्तरे बदलली ते नेमके दाखवते. त्यातली गेलेल्या पर्यायांची यादी सर्वांत लक्षपूर्वक वाचावी. नव्या पर्यायांबद्दल ओल्डकॉन्फिग विचारते. गेलेल्यांबद्दल आपणहून कोणीच काही सांगत नाही. शंका आली तर ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ उघडून तिरपी रेघ दाबावी आणि पर्यायाचे नाव शोधावे. तो कशावर अवलंबून आहे आणि आत्ता का दिसत नाही, हे तिथे कळते.

वेगळ्या आर्किटेक्चरसाठी, म्हणजे इंटेलचे कॉन्फिगरेशन एआरएमच्या बोर्डासाठी, अख्खी फाइल उचलून फारसा उपयोग होत नाही. तिथे त्या आर्किटेक्चरचे ‘डेफकॉन्फिग’ घ्यावे आणि आपल्या मोजक्या निवडींचा छोटा तुकडा ‘मर्ज_कॉन्फिग’ या स्क्रिप्टने त्यात मिसळावा. सुचवलेल्या उत्तरांपेक्षा वेगळी असलेली तेवढीच उत्तरे लिहून ठेवण्याची ‘मेक सेव्हडेफकॉन्फिग’ ही आज्ञा सॅम रॅव्हनबोर्ग यांनी लिहिली, आणि तिला निमित्तही एआरएमचेच होते. २०१० साली एआरएमच्या बोर्डांच्या कॉन्फिगरेशन फाइली इतक्या फुगल्या होत्या, की टोरव्हाल्ड्स यांनी त्या काढून टाकण्याचा इशारा दिला. उवे क्लाइने-क्योनिग यांनी त्यांतली अनावश्यक उत्तरे छाटली तेव्हा एक लाखाहून अधिक ओळी गेल्या आणि एकाही बोर्डाचे कॉन्फिगरेशन बदलले नाही. लहान फाइल वाचणे सोपे असते आणि तिच्यात माणसाने खरोखर घेतलेले निर्णय तेवढे दिसतात. मात्र सुचवलेले उत्तर पुढच्या आवृत्तीत बदलले, तर लहान फाइल त्या बदलामागे जाते, पूर्ण फाइल जात नाही. नेमकी कोणती ठेवायची, हे या फरकावरून ठरवावे.

बांधणी सुरू करण्यापूर्वी ‘लोकलव्हर्जन’ या पर्यायात एखादे ओळखीचे शेपूट जोडावे. मॉड्यूलची डिरेक्टरी आवृत्तीच्या नावाने बनते. नाव तेच राहिले, तर नवी मॉड्यूल जुन्या चालत्या कर्नेलच्या मॉड्यूलवर लिहिली जातात आणि परतीची वाट बंद होते. नवे कर्नेल बूट लोडरच्या यादीत आले, तरी जुने तिथून लगेच काढू नये.

जुने कॉन्फिगरेशन नव्या आवृत्तीत नेण्याचा हाच प्रश्न फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने वेगळ्या प्रकारे सोडवला आहे. तिथे ‘जेनेरिक’ नावाचे सर्वसाधारण कॉन्फिगरेशन सोर्ससोबत येते. वापरकर्त्याच्या फाइलीत पहिल्या ओळीत ‘इन्क्लूड जेनेरिक’ लिहायचे, ‘आयडेंट’ या शब्दापुढे आपल्या कर्नेलचे नाव द्यायचे आणि खाली फक्त फरक नोंदवायचे: हवे ते ‘ऑप्शन्स’ आणि ‘डिव्हाइस’, नको ते ‘नोऑप्शन्स’ आणि ‘नोडिव्हाइस’. फ्रीबीएसडीची आवृत्ती बदलली आणि जेनेरिकमध्ये नवा ड्रायव्हर आला, तर तो अशा फाइलीला आपोआप मिळतो. जेनेरिकची पूर्ण प्रत काढून तिच्यात बदल केले असतील, तर मात्र प्रत्येक वेळी दोन्ही फाइली शेजारी ठेवून हाताने जुळवाव्या लागतात. सोर्सच्या मुळाशी असलेल्या ‘अपडेटिंग’ फाइलीत पर्यायांतले महत्त्वाचे बदल तारीखवार दिलेले असतात आणि ती वाचूनच बांधणी करण्याची तिथली रीत आहे. चालू कर्नेलचे कॉन्फिगरेशन ‘सिसकंट्रोल’ने ‘कर्न.कॉन्फटीएक्सटी’ या नावाखाली वाचता येते. नवे कर्नेल बसवताना आधीचे ‘बूट’ डिरेक्टरीत ‘कर्नेल.ओल्ड’ या नावाने बाजूला ठेवले जाते, आणि नवे सुरू झाले नाही तर लोडरमधून तेच निवडता येते.